आधी मेन कॉक

चाळीस वर्षं नळांची कामं करणाऱ्या माणसाला लोक मिस्त्री म्हणतात, प्लंबर म्हणतात, फार तर काका म्हणतात. यांना मात्र सगळा परिसर गळतीमास्तर म्हणायचा, कारण हे गृहस्थ दुरुस्ती जेवढी करायचे त्याच्या दुप्पट शिकवायचे. वॉशर बदलायला बोलवावं, तर वॉशर दोन मिनिटांत बदलून व्हायचा आणि पुढची वीस मिनिटं घरातल्या मंडळींनी हात बांधून उभं राहायचं. नळ असा पिळू नका, तसा पिळा. पाइपावर ओले टॉवेल वाळत घालू नका. लोक त्यांना चहाचं विचारायचे ते पाहुणचार म्हणून नव्हे, तर तोंड जरा वेळ बंद राहावं म्हणून. मास्तरांना हे ठाऊक होतं. ते चहा पिता पिताही शिकवायचे.

शिकवण्यासारखं त्यांच्याकडे खरं तर एकच होतं : आधी मेन कॉक. गळती कुठेही असो, केवढीही असो, पिशवीतून पाना काढण्याआधी वरून येणारं पाणी बंद करायचं. एकदा समोरच्या दारातल्या वहिनींच्या बाथरूममधला पाइप फुटला. घरभर घोटाघोटा पाणी. वहिनी घरी शिवणकाम करायच्या, त्या लोकांची कापडं डोक्यावर घेऊन स्टुलावर उभ्या. शेजारीपाजारी बादल्या आणि फडकी घेऊन एकमेकांच्या पायात येतायत, आणि एक शूर गृहस्थ फुटलेल्या पाइपावर उशी दाबून बसलेले. मास्तर आले. त्यांनी पाइपाकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ जिन्यातल्या पेटीपाशी गेले, कॉक फिरवला आणि दारात येऊन म्हणाले, "आता उशी काढा." त्या दिवसापासून वहिनी त्यांच्या शब्दाबाहेर नव्हत्या. ही गोष्ट पुढे फार महागात पडायची होती.

आणखी एक कसब होतं त्यांच्याकडे. भिंतीत ओल कुठून येते ते त्यांना बोटांनी कळायचं. पुढच्या बाजूने नाही, बोटांच्या पाठीने. तळहाताची कातडी काम करून करून बधिर झालेली असते, पाठीची नसते. डोळ्यांना कोरडीठाक दिसणारी भिंत ते बोटांच्या पाठीने चाचपायचे आणि म्हणायचे, "इथे आहे." फोडून बघावं तर तिथेच असायची.

घरात तीन माणसं : मास्तर, त्यांची मुलगी आणि मुलीची मुलगी. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. जावई तेलाच्या जहाजावर नोकरीला, वर्षाकाठी दीड महिना घरी. मुलगी शहराबाहेरच्या कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना कॉलर लावायची. सकाळी सातला घर सोडायचं, संध्याकाळी सहाला परत यायचं. मोबाइल गेटवर जमा करावा लागायचा, तो सुट्टी होईपर्यंत मिळत नसे. म्हणून मास्तरांनी दोन वर्षांपासून बाहेरची कामं जवळपास सोडली होती. नात सांभाळायची हेच त्यांचं काम.

नात पावणेतीन वर्षांची. दिवसभर तोंड वाजत असायचं म्हणून तिचं नाव पडलं टिमकी. बडबडीच्या बाबतीत पोर आजोबांवर गेली होती, यात कोणालाच शंका नव्हती. ती त्यांना आबा म्हणायची आणि त्यांच्या पिशवीतल्या पान्याला "आबाचा दात".

सोमवारी संध्याकाळी टिमकीला जुलाब सुरू झाले. सकाळपर्यंत सात-आठ वेळा झालं, दोनदा उलटी झाली. पण पोर जागी होती, बोलत होती, बाहुलीला "तुझं पण पोट दुखतंय का गं" असं विचारत होती. मुलीने सकाळी डबा भरता भरता तिच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता.

"बाबा, आज मला नाही राहता येणार. मागच्या आठवड्यात दोन दिवस घेतलेत," ती म्हणाली. "हिला पाजत राहा हं. पाणी, पातळ काहीतरी. सारखं द्या. मी लवकर निघायला बघते."

"तू जा गं निवांत," मास्तर म्हणाले. "उभा जन्म पाणीच हाताळलंय मी."

मुलगी हसली आणि चप्पल घालून धावत जिना उतरली.

मास्तरांनी आधी सांगितलं तसंच केलं, हे त्यांच्या बाजूने म्हणायला हवं. साडेसातला त्यांनी टिमकीला पेलाभर पाणी दिलं. ती ते घटाघटा प्यायली, आणि दहा मिनिटांत चड्डी, चादर, मास्तरांची मांडी, सगळं भरलं. भाताच्या पाण्याहूनही पातळ. त्यांनी तिला धुतलं, जुन्या चादरीचे तुकडे फाडून खाली घातले आणि आठला पुन्हा पेला दिला. पुन्हा तेच. साडेआठला पुन्हा. हा तिसरा पेला तर अर्धा उलटून आला आणि अर्धा खालून गेला.

तिसऱ्या वेळी तुकडा बदलताना मास्तर थांबले. आणि इथेच त्यांचं डोकं नको त्या वळणाला लागलं. दुसऱ्या कोणाचं लागलं नसतं. घड्याळजी असता, सुतार असता, तर घाबरून पाजत राहिला असता, किंवा उठून दवाखान्यात गेला असता. पण मास्तरांना समोर काय दिसलं? वरून पाणी चालू आहे, खालून गळतंय. जितकं वरून, तितकं खालून. आणि आपण काय करतोय, तर नळ चालू ठेवून फडकी बदलतोय. उशी दाबून बसलेल्या त्या गृहस्थापेक्षा आपण शहाणे कशावरून? त्यांना स्वतःचीच लाज वाटली. इतकी वर्षं लोकांना जे शिकवलं ते स्वतःच्या घरात विसरलो, असं त्यांना खरोखर वाटलं.

"बास," ते टिमकीला म्हणाले. "आता पाणी बंद. पोटाला जरा कोरडं होऊ दे. कोरडं झाल्याशिवाय जोड बसत नाही."

नऊ वाजले होते.

पहिला तासभर टिमकी पाणी मागत राहिली. आधी लाडाने, मग रडून. मास्तर काही दगडाचे नव्हते. त्यांनी तिला कडेवर घेऊन खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारल्या, खिडकीतून कबुतरं दाखवली, पान्याशी खेळायला दिलं. पाण्याची बाटली कपाटावर ठेवली, कारण ती दिसली की पोर हात पसरायची. दहाच्या सुमाराला ते तुकडे धुवायला आत गेले आणि बाहेर येऊन बघतात तर टिमकीने स्टूल ओढत स्वयंपाकघरात नेलेलं, त्यावर चढून ती ओट्यावरच्या नळाला लोंबकळतेय. नळ तिला नीट फिरवता येत नव्हता. थेंब थेंब पडत होतं आणि तिने त्याखाली जीभ लावली होती.

मास्तरांनी तिला उचलून खाली ठेवलं. मग गुडघे टेकून ते ओट्याखाली वाकले आणि त्यांनी तिथला कॉक फिरवून टाकला. स्वयंपाकघराचं पाणी बंद झालं. टिमकीने पुन्हा नळ हलवून बघितला, काही आलं नाही. तिने आबांकडे बघितलं आणि त्यानंतर पाणी मागायचं सोडून दिलं. मास्तरांना वाटलं, समजूतदार पोर आहे.

या माणसाचं जिवापाड प्रेम होतं त्या नातीवर. राग येतो तो त्यामुळेच. दुष्टपणाने केलं असतं तर चार शिव्या घालून मोकळं होता आलं असतं.

दुपारी बारापर्यंत जुलाब कमी होत गेले. अकराला थोडंसं, साडेअकराला तुकड्यावर नुसता डाग, मग काहीच नाही. मास्तर दर वेळी तुकडा चाचपून बघायचे. कोरडा. लघवीसुद्धा नाही. त्यांच्या छातीवरचा धोंडा उतरला. टिमकीही शांत झाली होती. ती गादीवर कुशीला पडून भिंतीकडे बघत होती. मग तिने डोळे मिटले.

समोरच्या वहिनी दारातून डोकावल्या. गळ्यात मोजपट्टी, तोंडात टाचणी.

"कसं आहे हो पोरीचं?"

"थांबलं," मास्तर दबक्या आवाजात म्हणाले. पण आवाज दबका असला तरी फुशारकी लपत नव्हती. "वरून बंद केलं. वरून बंद केलं की खालून थांबतंच."

वहिनींनी तोंडातली टाचणी काढली. "म्हणजे? पाणी तर देताय ना?"

"पाणी दिलं तर गळणारच की. तुमच्या घरात काय केलं होतं मी? आठवतंय?"

वहिनींना आठवत होतं. त्यांच्या मनात काहीतरी खुपलं, त्यांनी गादीवरच्या मुलीकडे एकदा बघितलंही. पण मास्तरांपुढे पाण्याबद्दल आपण काय बोलायचं, असं त्यांना वाटलं. झोपलेली पोर तशीही सगळ्यांना बरी वाटते. "झोपू दे मग," असं म्हणून त्या आपल्या मशीनकडे गेल्या.

मास्तरांनी गादीजवळ बसून भाकरीचे दोन घास खाल्ले. डोळा लागला त्यांचाही. जाग आली तेव्हा तीन वाजून गेले होते.

टिमकी तशीच पडली होती. एवढा वेळ ती कधी झोपत नसे. मास्तरांनी तिला हाक मारली. मग खांदा हलवला. तिने डोळे उघडले, पण अर्धेच, आणि बुबुळं वर गेलेली. डोळ्यांखाली खळगे पडले होते. सकाळी नव्हते ते. तिने तोंड वाकडं करून रडायला सुरुवात केली. ते रडणं म्हणजे नुसता श्वास होता, त्याला आवाज नव्हता.

"रडू नको, रडू नको बाळा," म्हणत मास्तरांनी तिचे डोळे पुसायला बोटं नेली. सवयीने, बोटांची पाठ गालावर लावली.

गाल कोरडा होता.

त्यांनी डोळ्याच्या कडेला बोट लावलं. कोरडं. ओठांवर लावलं. कोरडे, आणि चिरा पडलेले. तिच्या उघड्या तोंडात बोट घातलं आणि जीभ चाचपली. आयुष्यभर ज्या बोटांनी भिंतीतली ओल ओळखली, त्या बोटांना एका जिवंत पोरीच्या तोंडात ओल सापडेना.

मास्तरांच्या काळजाचं पाणी झालं. ते धडपडत स्वयंपाकघरात गेले, पेला नळाखाली धरला, नळ सोडला. नळातून काही आलं नाही. त्यांनी तो आणखी पिळला, मग आठवलं. खाली वाकून कॉक फिरवायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. पाणी आलं. त्यांनी टिमकीचं डोकं मांडीवर घेऊन पेला तोंडाला लावला. पाणी ओठांच्या कोपऱ्यातून गळ्यावर, गळ्यावरून फ्रॉकवर गेलं. ती गिळत नव्हती.

"वहिनी!" त्यांनी अशी आरोळी ठोकली की तिन्ही मजल्यांवर ऐकू गेली. "वहिनी, कारखान्यात जा! हिच्या आईला आणा!"

आणि पोरीला छातीशी धरून ते तसेच अनवाणी जिना उतरले.

आरोग्य केंद्र बाजारपेठेच्या पलीकडे, चालत वीस मिनिटांवर. रिक्षा दिसली नाही आणि थांबून वाट बघायचं त्यांना सुचलंही नाही. बासष्ट वर्षांचा माणूस ऊर फुटेस्तोवर पळत होता. वाटेत ओळखीचे लोक "मास्तर, काय झालं?" म्हणून विचारत होते आणि मास्तर आयुष्यात पहिल्यांदा कोणाला काही सांगत नव्हते. टिमकीचं डोकं त्यांच्या खांद्यावर धक्क्याधक्क्याला हलत होतं. तिचे पाय त्यांच्या पोटाला लागत होते ते गार होते. दुपारच्या उन्हात, पळणाऱ्या माणसाच्या अंगाला चिकटलेले पाय गार कसे असतील, हे त्यांना कळत नव्हतं आणि त्यावर विचार करायचं धाडसही होत नव्हतं.

केंद्रात रांग होती. मास्तर रांगेतून आरपार घुसले. टेबलाशी बसलेल्या नर्सबाई ओरडायला म्हणून उठल्या, पण त्यांची नजर टिमकीवर गेली आणि त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी तिला हातातून काढून घेऊन आतल्या कॉटवर ठेवलं. फ्रॉक वर केला, पोटाची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. कातडी लगेच खाली बसली नाही. दुमडून तशीच उभी राहिली, मग सावकाश, अगदी सावकाश सपाट झाली.

"डॉक्टर!" नर्सबाईंनी हाक मारली, आणि मग मास्तरांना विचारलं, "जुलाब?"

"होते. आता थांबलेत. दुपारपासून एकही नाही."

"लघवी?"

"सकाळपासून कोरडी आहे," मास्तर म्हणाले. हे बोलतानाही त्यांच्या आवाजात मघाच्या समाधानाचा एक कण शिल्लक होता. तो त्यांना स्वतःलाच ऐकू आला.

"शेवटचं पाणी कधी दिलं?"

"साडेआठला."

"आत्ता साडेतीन वाजलेत, आजोबा. मधे काय दिलंत?"

मास्तर पोरीच्या चिरा पडलेल्या ओठांकडे बघायला लागले. नर्सबाईंनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, केस वर बांधलेले, बाह्या दुमडलेल्या. त्यांनी टिमकीचं मनगट धरलं, नख दाबून सोडलं, आणि म्हणाल्या, "सलाईन. लगेच." मग जे सुरू झालं ते मास्तर कॉटच्या पायथ्याशी, भिंतीला पाठ लावून बघत राहिले. उजव्या हाताच्या पाठीवर सुई घातली, शीर मिळाली नाही. डाव्या हातावर घातली, नाही मिळाली. पावलावर घातली. सुई आत जात होती, इकडेतिकडे वळत होती, परत येत होती. टिमकी हूं की चूं करत नव्हती. सुई टोचल्यावर न रडणारं मूल बघणं काय असतं, ते ज्याने बघितलं त्यालाच माहीत.

"शिरा दबल्यात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आत रक्तच कमी आहे."

हे मास्तरांना सांगायची गरज नव्हती. दाब गेला की रबरी नळी चपटी होते, हे त्यांच्याइतकं तिथे कोणालाच माहीत नव्हतं. त्यांनीच तर दाब काढून घेतला होता.

"हाडातून देऊ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नर्सबाईंनी कपाटातून जाड, आखूड सुई आणली. गुडघ्याच्या खाली, नडगीच्या हाडावर ती टेकवली, आणि डॉक्टरीणबाईंनी मनगट पिळत पिळत ती आत घातली. अगदी पाना फिरवावा तशी. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा वर टांगलेल्या बाटलीतून थेंब पडायला लागले होते.

"मी बंद केलं," मास्तर म्हणाले.

"काय?"

"पाणी. मीच बंद केलं. जेवढं देत होतो तेवढं लगेच बाहेर पडत होतं. तेच पाणी बाहेर येत होतं, म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे पूर्ण वळून बघितलं. रागावल्या नव्हत्या त्या, थकल्या होत्या. असं सांगणारं माणूस त्यांना दर महिन्याला भेटत असावं.

"तेच पाणी नव्हतं ते, आजोबा," त्या म्हणाल्या. "ते तिच्या अंगातलं होतं."

मास्तरांनी टिमकीच्या पोटाकडे बघितलं.

"आतडं आजारी पडलं की ते उलटं वागतं. पाणी आत घ्यायचं सोडून अंगातलं बाहेर टाकतं, मीठ पण टाकतं. तुम्ही वरून दिलं नाहीत तरी ते टाकतच राहतं. मग अंग काय करतं? लघवी थांबवतं. डोळ्यांतलं पाणी थांबवतं. हातापायांकडचं रक्त काढून घेतं आणि हृदयाला, मेंदूला देतं. म्हणून पाय गार. दुपारभर ती झोपल्यासारखी पडून असेल ना? ती झोप नव्हती. आणि जुलाब थांबले ते बरं वाटलं म्हणून नाही. टाकायला उरलंच नव्हतं."

"मग गळती थांबवायची कशी?" मास्तरांनी विचारलं. लहान मुलाने विचारावं तसं.

"थांबवायची नाहीच. ती दोन-चार दिवसांत तिची तीच थांबते. तोवर टाकी भरत राहायचं. मीठ-साखरेचं पाणी, चमच्याचमच्याने. मीठ आणि साखर योग्य मापात असली की आजारी आतडंसुद्धा पाणी ओढून घेतं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि परत द्यायचं. जितकं गेलं तितकं द्यायचं. एवढंच करायचं असतं."

एवढंच. मास्तरांनी खाली बसकण मारली.

"वाचेल का ती?"

"लघवी झाली की सांगते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि बाहेरच्या रांगेकडे गेल्या.

पहिली बाटली संपली. दुसरी लागली. मास्तर कॉटशी बसून दर पाच मिनिटांनी टिमकीच्या खालच्या चादरीला बोटांची पाठ लावत होते. कोरडी. पुन्हा लावत. कोरडी. दुपारी याच कोरडेपणावर खूश झालेला माणूस आता हात जोडून ओल मागत होता. जन्मभर ज्याने गळतीचा द्वेष केला, तो एका थेंबासाठी जीव टांगून बसला होता. असा सूड कोणी शत्रूवरही उगवू नये.

पाच वाजता मुलगी आली. वहिनींनी गेटवर रडून-ओरडून तिला बाहेर काढलं होतं. अंगावर कारखान्याचा निळा कोट तसाच, त्याला दोऱ्यांची टोकं चिकटलेली. ती कॉटशी गेली, टिमकीच्या पायातली सुई बघितली, तोंडावर हात दाबला. जरा वेळाने तिने हात काढला.

"एवढं कसं झालं? सकाळी तर बोलत होती. बाबा, तुम्ही पाजत होता ना?"

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली. नर्सबाई बाटलीचा वेग बघत होत्या आणि बघतच राहिल्या. कोणीही काही बोललं नसतं. आजार होता, वाढला, असं म्हणून मास्तरांना सुटता आलं असतं. क्षणभर त्यांच्या मनात ते आलंही.

"नाही," ते म्हणाले. "तिने मागितलं आणि मी दिलं नाही. नळाला लोंबकळत होती, तर मी ओट्याखालचा कॉक बंद केला."

मुलीला ते एकदम समजलं नसावं. मग समजलं, आणि तिचा चेहरा असा झाला की मास्तरांना वाटलं, हिने आता मारावं. तिने मारलं नाही. ती एवढंच म्हणाली, "मी तुम्हाला सांगून गेले होते हो, बाबा." आणि स्टूल ओढून, त्यांच्याकडे पाठ करून, टिमकीचा हात धरून बसली.

त्यानंतर तास-दीड तास गेला. मास्तरांना चादर चाचपायची होती, पण आता मधे मुलीची पाठ होती. तिला ओलांडून हात पुढे करायची त्यांची छाती झाली नाही. तिसऱ्या बाटलीच्या वेळी टिमकीने मान हलवली. पायाची बोटं हलवली. बाहेर उजेड कमी व्हायला लागला होता, नर्सबाईंनी दिवा लावला, आणि तेवढ्यात मुलगी ताडकन उठून उभी राहिली.

"भिजलं," ती म्हणाली. "बाबा, भिजलं! बघा!"

मास्तरांनी हात पुढे केला. चादर ओली होती, गरम होती. नर्सबाईंनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "लघवीच आहे. छान झाली." मास्तरांच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला, हसण्याचा की हुंदक्याचा ते सांगता आलं नसतं, आणि दोन्ही हात त्या ओल्या चादरीवर दाबून ते ढसाढसा रडले. मुलीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला नाही. पण मगाशी ती त्यांना बाबा म्हणाली होती, तेवढ्यावर त्यांनी आधार धरला.

डॉक्टरीणबाईंनी येऊन पुन्हा कातडीची चिमटी घेतली, या वेळी ती लवकर बसली. "आता तोंडाने सुरू करा," त्या म्हणाल्या. नर्सबाईंनी मीठ-साखरेचं पाणी कालवलं. मुलगी ओली चादर बदलत होती, तिचे हात अडकलेले, म्हणून त्यांनी वाटी-चमचा मास्तरांच्या हातात दिला.

"मिनिटाला एक चमचा, आजोबा. घाई करायची नाही, पण थांबायचंही नाही."

मास्तर कॉटच्या कडेला बसले. त्यांनी चमचा भरला आणि सांडू नये म्हणून दुसरा हात खाली धरून पुढे नेला. टिमकीने डोळे उघडले, या वेळी पूर्ण. तिला चमचा दिसला, त्यातलं पाणी दिसलं. तिची जीभ बाहेर येऊन कोरड्या ओठांवरून फिरली. मग तिने नजर वर केली, चमचा कोण धरून आहे ते बघितलं, आणि जीभ आत घेतली.

"आबा," ती म्हणाली, बसलेल्या, खरखरीत आवाजात, "मी थोडंच पिते. चालेल?"

चादर धरलेले मुलीचे हात जागच्या जागी थांबले. मास्तरांनी "सगळं पी बाळा" म्हणायला तोंड उघडलं. भरलेला चमचा तसाच अधांतरी राहिला, आणि ती पोर ओठ मिटून, त्यांच्या तोंडाकडे बघत, हो म्हणण्याची वाट पाहत पडून राहिली.